जुन्या सरकारी इमारतीचा इतिहास बांधकाम खात्याच्या दफ्तरातून कसा काढावा

तालुक्याच्या गावची जुनी कचेरी, कोर्ट, दवाखाना किंवा विश्रामगृह कधी बांधले असे विचारले, की बहुतेक ठिकाणी ‘इंग्रजांच्या काळातले आहे’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नसते, पण त्यात सव्वाशे वर्षांचा काळ सहज मावतो, त्यामुळे त्याचा उपयोग काही होत नाही. वास्तविक सरकारी इमारतीइतकी कागदपत्रे एखाद्या खासगी वाड्याची क्वचितच असतात, कारण सरकारी पैशाने बसवलेल्या दगडाचा हिशेब कोणाला तरी वरच्या कचेरीला द्यावाच लागलेला असतो. अडचण येते ती हा कागद त्या काळी कोणत्या नावाच्या कार्यालयाने ठेवला, हे आपल्याला ठाऊक नसते म्हणून. त्यामुळे इमारतीच्या मागे लागण्याआधी ती सांभाळणाऱ्या खात्याची नावे आणि हद्दी नीट समजून घ्याव्यात. अर्धा शोध तिथेच लागतो.

खात्याची नावे आणि हद्दी

कंपनी सरकारच्या काळात इमारती, रस्ते आणि बराकी यांचा कारभार लष्करी मंडळाकडे, म्हणजे मिलिटरी बोर्डाकडे होता. एका मंडळाला हा पसारा झेपत नाही अशी तक्रार वाढल्यावर १८५० मध्ये तिन्ही इलाख्यांत चौकशी समित्या नेमल्या गेल्या आणि लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४-५५ च्या सुमारास स्वतंत्र पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट उभे राहिले. याच सुमारास, १८५४ मध्ये, पुण्यात या खात्याला हाताखालची माणसे पुरवण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. पुढे त्याचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. मराठीत या खात्याला जुनी माणसे ‘मरामत खाते’ म्हणत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी वर्तमानपत्रे चाळताना ‘बांधकाम’ या शब्दाइतकाच ‘मरामत’ हा शब्दही शोधावा.

मुंबई इलाख्यातील खात्याचा सर्वांत भरभराटीचा काळ म्हणजे गव्हर्नर बार्टल फ्रीअरच्या वेळी मुंबईच्या किल्ल्याचा कोट पाडायला घेतल्यानंतरची दोन दशके. कोट गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर हायकोर्ट, सचिवालय आणि खुद्द पब्लिक वर्क्सची कचेरी या इमारती एका ओळीत उभ्या राहिल्या. सचिवालय आणि खात्याची कचेरी हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने आखली, तर हायकोर्टाचा आराखडा जेम्स ऑगस्टस फुलर या दुसऱ्या लष्करी इंजिनिअरचा. हायकोर्टाचे काम एप्रिल १८७१ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले, आणि त्यावर आलेला १६,४४,५२८ रुपये खर्च मंजूर अंदाजापेक्षा २,६६८ रुपयांनी कमी होता. ही बारीक रक्कम आज सांगता येते, याचे श्रेय कोणाच्या आठवणीला नसून खात्याच्या हिशेबाला आहे. काम अंदाजपत्रकाच्या आत संपल्याचा उल्लेख वाचून आजचा वाचक थोडा थबकेल, हे मान्य करावे लागेल.

या इमारतींच्या संदर्भात विल्किन्स आणि फुलर यांचीच नावे घेतली जातात. पण प्रत्यक्ष काम रोज पाहणारे देशी अभियंते त्याच दफ्तरात सापडतात. मुंचेरजी मर्झबान हे याच खात्यात कार्यकारी अभियंता होते. बोरीबंदरचे टर्मिनस बांधणारा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स मूळचा याच खात्याचा नोकर, आणि त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव यांनी काम पाहिले. १८८४ मध्ये एम. विश्वेश्वरय्या याच खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून लागले. तेव्हा नाव शोधताना आराखडा काढणाऱ्यापाशी थांबू नये, मोजमापावर सही करणाऱ्यापर्यंत जावे.

१ मे १९६० नंतर या एका खात्याचे दोन भाग झाले. पाटबंधारे व वीज एकीकडे गेले आणि इमारती व दळणवळण (बिल्डिंग्ज अँड कम्युनिकेशन्स) दुसरीकडे. अनेक गावांत वयस्कर माणसे आजही बांधकाम विभागाला ‘बी अँड सी’ म्हणतात ते यामुळे. पुढे त्याचे नाव सार्वजनिक बांधकाम विभाग असे रूढ झाले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि काही रस्ते व इमारती त्यांच्या बांधकाम विभागाकडे वर्ग झाल्या. त्यामुळे जुन्या शाळेचा किंवा ग्रामीण दवाखान्याचा कागद राज्याच्या विभागात मिळाला नाही, तर जिल्हा परिषदेत विचारल्याशिवाय शोध सोडू नये.

हे सगळे जुन्या मुंबई इलाख्यापुरते झाले. मराठवाड्यातील इमारत १९४८ पूर्वीची असेल तर तिचा कारभार निजामाच्या तामीरात खात्याकडे होता, कागद बहुधा उर्दूत असतो आणि मुख्य संग्रह हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. नागपूरची इमारत मध्य प्रांताच्या खात्याची. अमरावती-अकोल्याकडची इमारत मात्र १९०३ पूर्वीची की नंतरची, हे आधी ठरवावे लागते, कारण त्या वर्षी वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून मध्य प्रांताकडे आला. कोल्हापुरात संस्थानचे स्वतःचे खाते होते, आणि गोव्यात हेच काम पोर्तुगीज अमलाखालील ‘ओब्रास पुब्लिकस’ करीत असे.

सुरुवात कोठून करावी

सर्वांत आधी त्या इमारतीचा आजचा उपविभाग शोधावा. खात्याची उतरंड सरळ आहे. वर मुख्य अभियंता, त्याखाली मंडळावर अधीक्षक अभियंता, विभागावर कार्यकारी अभियंता, उपविभागावर उपअभियंता आणि शेवटी शाखा अभियंता. इतिहास शोधणाऱ्याचे काम बहुतेक कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीत होते, कारण हिशेब, देयके आणि नोंदवह्या पहिल्यापासून विभागाच्या पातळीवर ठेवल्या जात आल्या आहेत.

तिथे पहिली मागणी ‘इमारत नोंदवही’ची करावी. या वहीत विभागाच्या ताब्यातील प्रत्येक इमारतीची ओळ असते: बांधकामाचे वर्ष, मूळ खर्च, क्षेत्रफळ आणि नंतर केलेली भर. वर्षाचा रकाना कोरा असला तरी निराश होऊ नये. मूळ खर्चाचा आकडा रुपये-आणे-पैमध्ये असेल, तर ती नोंद १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या हिशेबावरून आलेली आहे, कारण त्या दिवशी दशमान नाणी चालू झाली. मापे फुटांत आणि ब्रासमध्ये आहेत की मीटरमध्ये, यावरूनही अंदाज बांधता येतो.

त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक आणि पूर्णत्वाचा नकाशा या चार गोष्टी विचाराव्यात. या सर्वांत मला स्वतःला सर्वाधिक बोलका वाटणारा कागद मात्र वेगळाच आहे, आणि तो म्हणजे मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापे टिपण्याची वही, कचेरीच्या भाषेत एम.बी. तिची पाने छापील क्रमांकाची असतात आणि एकही पान फाडण्याची किंवा खाडाखोड करण्याची परवानगी नसते. चूक झालीच तर ती रेघ मारून, सही करून दुरुस्त करावी लागते. डावीकडे कामाचे वर्णन, मग नग, लांबी, रुंदी, उंची आणि शेवटी परिमाण. देयक निघाले की त्या पानावर लाल शाईची तिरपी रेघ ओढली जाते. अशा एका पानावर पायाची खोली, दगडी बांधकामाचा प्रकार, चुन्याचे प्रमाण आणि दारांची संख्या एकत्र वाचायला मिळते. भिंत आज गिलाव्याखाली झाकलेली असली तरी तिच्या आत काय आहे, हे ते पान सांगते.

सर्वच कागद टिकलेले नसतात, हे आधीच ध्यानात घ्यावे. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग केलेले असतात. अ वर्ग कायम जपायचा, ब तीस वर्षे, क दहा वर्षे, क-१ पाच वर्षे, आणि ड वर्ष संपल्यावर नष्ट करायचा. म्हणून ‘त्या इमारतीची फाईल द्या’ अशी ढोबळ मागणी न करता अ आणि ब वर्गाच्या याद्या आधी मागाव्यात. एखादी फाईल नष्ट झाली असेल तर ती केव्हा आणि कोणत्या यादीने नष्ट केली, याची नोंदही विचारता येते.

अर्ज कसा करावा

प्रथम साध्या कागदावर विनंती करावी आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. बऱ्याच वेळा एखादा ज्येष्ठ लिपिक किंवा शाखा अभियंता आपुलकीने वही काढून देतो आणि पुढचे सोपस्कार टळतात. तसे झाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ‘संपूर्ण इतिहास द्यावा’ असे लिहिल्यास ‘अशी माहिती संकलित नाही’ हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी नोंदवहीचे नाव, इमारतीचे आजचे आणि जुने नाव, आणि अंदाजे वर्षे लिहून अभिलेख पाहण्याची परवानगी मागावी. अनुभव असा, की प्रती मागण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहणी मागणे कधीही चांगले, कारण हवे ते पान समोर आल्यावरच आपल्याला नेमके काय हवे होते ते कळते.

पुराभिलेखात काय मिळते

विभागात धागा तुटला की पुराभिलेख संचालनालयाकडे जावे. मुंबईत काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत हे दफ्तर असून त्याचा आरंभ १८२१ चा आहे. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शाखा आहेत. पब्लिक वर्क्स खात्याचे खंड वर्षवार लावलेले असतात. त्यांच्याबरोबर इलाख्याचे वार्षिक प्रशासन अहवाल आणि जिल्हा गॅझेटिअर पाहावेत. अहवालाच्या वर्षाबाबत एक खाचखळगा आहे. १८६६ पर्यंत सरकारी वर्ष १ मे रोजी सुरू होत असे आणि १८६७ पासून ते १ एप्रिलला सुरू होऊ लागले, त्यामुळे एप्रिलमध्ये पुरे झालेले एखादे काम नेमके कोणत्या अहवालात शोधायचे, ते यावर ठरते. मुंबई सरकारच्या खात्यांच्या कार्यवृत्तांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. परदेशी असलेल्या मराठी अभ्यासकाला हा मार्ग कधीकधी गावच्या कचेरीपेक्षा जवळचा पडतो.

जागेची मालकी भूमी अभिलेखात तपासावी. गावठाणाबाहेर सातबारा, शहरात नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक. फेरफाराच्या नोंदीतून जागा कोणाकडून, कोणत्या कामासाठी घेतली ते कळते.

पाटीवर विसंबू नये

इमारतीवरचा दगड खोटे बोलत नाही, पण तो कशाविषयी बोलतो हे नेहमी स्पष्ट नसते. एका विश्रामगृहाच्या व्हरांड्यात १९३६ सालची कोरीव पाटी होती आणि आम्ही सर्वांनी तेच इमारतीचे वर्ष धरले होते. नोंदवहीत मात्र दोन ओळी निघाल्या. मुख्य बंगला कितीतरी आधीचा होता, आणि १९३६ च्या ओळीत ‘मोटारखाना’ असे लिहिले होते. मोटारखाना पडल्यावर कोणी जाणत्या माणसाने त्याची पाटी फेकून न देता बंगल्याच्या भिंतीत बसवली असावी. मंगलोरी कौलावरील शिक्क्याचेही तसेच. त्यावरून कारखाना कळतो, पण कौले दर काही वर्षांनी बदललेली असतात, म्हणून इमारतीचे वय त्यावरून ठरवू नये.

इमारतीचा वापर बदलला की नाव बदलते आणि नावाबरोबर फाईलही हलते, हे तर सतत लक्षात ठेवावे. स्टीव्हन्सने आखलेले मुंबईतील खलाशांचे वसतिगृह पुढे विधिमंडळाची इमारत झाले, आणि नरिमन पॉइंटला नवे विधान भवन झाल्यावर तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आले. एकाच वास्तूचे कागद अशा तीन नावांखाली शोधावे लागतात. सरकारचे मुख्यालयही असेच हलले. आज जिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे ते विल्किन्सचे जुने सचिवालय. १९५५ मध्ये सचिवालयासाठी वेगळी नवी इमारत झाली, आणि त्याच नव्या इमारतीला १९७५ मध्ये ‘मंत्रालय’ हे नाव मिळाले. १९७५ आधीच्या पत्रात ‘सचिवालय’ असा पत्ता दिसला, तर तो कोणत्या इमारतीचा हे पत्राच्या तारखेवरून ठरवावे.

हाती आलेली माहिती लिहिताना प्रत्येक विधानापुढे वहीचे नाव, पान आणि वर्ष टिपून ठेवावे, आणि ‘म्हणतात’ या सदरातल्या गोष्टी वेगळ्या कागदावर घ्याव्यात. काम पुरे झाल्यावर त्याची एक स्वच्छ प्रत संबंधित उपविभागात रीतसर आवक क्रमांक घेऊन द्यावी आणि नोंदवहीतील कोऱ्या रकान्यात वर्ष भरण्याची लेखी विनंती करावी.