पाचवीच्या गणिताची वार्षिक परीक्षा: तयारी चुकांपासून सुरू करावी

राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के गुणांची अट आल्याने मार्च उजाडताच घरोघरी सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे येतात. मात्र मूल जे उदाहरण चुकीच्या रीतीने सोडवते, त्याच प्रकारची वीस उदाहरणे त्याला आणखी दिल्यास चुकीची रीतच पक्की होते. म्हणून परीक्षेच्या सहा-सात आठवडे आधी मुलाची वर्षभराची वही आणि घटक चाचण्यांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसावे, चुकलेली उदाहरणे वेगळी काढावीत आणि "हे कसे केलेस, मला समजावून सांग" असे शांतपणे विचारावे.

बहुतेक चुकांमागे मुलाचा काहीतरी तर्क असतो. ८१६ ला ४ ने भागताना २०४ ऐवजी २४ लिहिणाऱ्या मुलाला पाढे येत असतात. दशकाच्या जागी भाग जात नाही तेव्हा तिथे शून्य लिहायचे असते, हे त्याला उमगलेले नसते. अशा वेळी भागाकार करण्यापूर्वी उत्तर अंदाजे किती येईल हे विचारावे, कारण ८०० चे चार समान भाग दोनशेचे होतात हे ज्याला दिसते, त्याला २४ हे उत्तर आपोआप खटकते. त्यानंतर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी हा ताळा करून घ्यावा.

कालमापनातली चूक तर फारच बोलकी असते. पावणेदहाला निघालेली एसटी अकरा वाजून वीस मिनिटांनी पोहोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला? अनेक मुले ११.२० मधून ९.४५ वजा करून १.७५ असे उत्तर काढतात, कारण हातचा घेताना तास ६० मिनिटांचा असतो हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. येथे उभी वजाबाकी काही दिवस बाजूला ठेवून पावणेदहा ते दहा पंधरा मिनिटे, दहा ते अकरा एक तास आणि पुढची वीस मिनिटे असे टप्पे मोजायला लावावेत. एक तास पस्तीस मिनिटे हे उत्तर मूल तोंडीच देते. अपूर्णांकांच्या बेरजेत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणाऱ्या मुलाला आधी कागदाच्या पट्ट्या घड्या घालून द्याव्यात, समच्छेद करण्याचा नियम नंतर सांगावा.

शाब्दिक उदाहरणांत "जास्त" दिसले की बेरीज, "कमी" दिसले की वजाबाकी, अशी खूण मुलांना शिकवली जाते. ती शिकवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. "रमाकडे ३५ फुले आहेत, ती सीमाच्या फुलांपेक्षा १२ ने जास्त आहेत, तर सीमाकडे किती?" या उदाहरणात ती खूण थेट ४७ या चुकीच्या उत्तराकडे नेते. मुलाने आकडेमोडीपूर्वी उदाहरण स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि फुले कोणाकडे जास्त आहेत ते ठरवावे.

पाढ्यांना रोज दहा मिनिटे पुरतात, पण ते क्रमाने न म्हणवता मधूनच विचारावेत. पूर्ण प्रश्नपत्रिका वेळ लावून शेवटच्या दोन आठवड्यांतच सोडवून घ्यावी. त्या वेळी कच्चे काम उजव्या समासात स्वच्छ करणे आणि परिमिती सेमीत, क्षेत्रफळ चौसेमीत लिहिणे याकडे पालकांनी लक्ष ठेवावे.