गोधडीवर आजोबा नकोत

टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षी मी घरच्या फोटोंची गोधडी करायला घेतली. आराखडा तयार होता: मधोमध आजोबांचा मोठा चेहरा, भोवती आजीच्या लुगड्यांचे तुकडे. कॉलेजात सगळ्यांना आवडला. सुट्टीत गावी आजीला दाखवला, तर ती म्हणाली, "त्यांच्या तोंडावर पाय लागंल की गं. असली वाकळ पांघरायची कुणी?"

पंधरा दिवसांचं काम गेलं. पण आता कुणी नवीन मुलगी विचारते, घरच्या आठवणींवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, तेव्हा मी सांगते की घरातलं जुनं माणूस कशाला 'नको' म्हणतं तिथून कर. हो म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्याकडून काही कळत नाही.

आजोबा परळला एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, वर्षभर वाट बघून ते साताऱ्याकडे गावी परतले. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचे अकरा फोटो आहेत. एकात तिघे मित्र स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभे आहेत, मधल्याच्या अंगात कोट. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून आजीला तासभर प्रश्न विचारले. "होतं की", "असंल बाई" यापलीकडे काही मिळालं नाही. चौथ्या दिवशी दोघी धावदोरा घालत बसलो होतो, तेव्हा सुईवरून नजर न काढता ती म्हणाली, "कोट स्टुडिओवाल्याचा. तिघांनी पाळीपाळीनं घातला, तीन फोटू काढलं. ह्यो दुसऱ्याच्या पाळीचा." तेव्हापासून मी मुलाखत घ्यायला जात नाही. शिवायला जाते.

लुगडंही नीट बघून घ्या, लगेच कात्री लावू नका. आजीच्या इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा लाल ताणा वेगवेगळे, फासे घालून एकमेकांत अडकवलेले. तो जोड बोटाला लागतो. मी तो तुकडा बरोबर मधून कापला होता. आजी काही बोलली नाही, नुसता हात फिरवला. दुसऱ्या लुगड्याला मी आधी विचारलं, आणि तिनं स्वतः कापून दिलं.

फोटोंचं तंत्र थोडक्यात सांगते. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा फ्लॉस मागून करवतीसारखा हळूहळू फिरवा. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट स्कॅन करा. 600 डीपीआय ठेवा आणि मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो. मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. मूळ फोटो शक्यतो हातातून सोडू नका. स्कॅनला दिलेला एक फोटो दुकानदाराने 'टिकेल' म्हणून न विचारता लॅमिनेट करून माझ्या हातात ठेवला. तो आता कायमचा प्लॅस्टिकमध्ये.

कापडावर छापायला मी सायनोटाइप वापरते, म्हणजे उन्हाने निळा फोटो उमटवायची पद्धत. ही 1842 ची रीत, जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलेली. पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने याच रीतीने समुद्रशेवाळांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. डार्करूम लागत नाही, ऊन लागतं, आणि ते आपल्याकडे फुकट आहे. एका बाटलीत 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वापरताना समसमान मिसळा. हातमोजे घाला, अ‍ॅसिड जवळ नको, स्वयंपाकाची भांडी तर नकोतच. मांजरपाटाची खळ धुऊन काढा, मंद उजेडात ब्रशने लावून अंधारात वाळवा. फोटोची निगेटिव्ह ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून कापडावर ठेवा, वर काच, आणि उन्हात. माझ्या गच्चीवर मे महिन्यात दहा मिनिटांत होतं. पावसाळ्यात नाद सोडा. मग पिवळं पाणी जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. साध्याच! माझा पहिला चांगला नमुना काकूने प्रेमाने वॉशिंग पावडरमध्ये भिजवला. संध्याकाळी दोरीवर एक पिवळट फडकं वाळत होतं. सोडा, डिटर्जंट या निळ्याला चालत नाही. नायलॉन-पॉलिएस्टरची साडी असेल तर तीही बाजूला ठेवा, द्रावण धरत नाही.

ते पिवळट फडकं मी पोर्टफोलिओत लावलं, आजीने नाकारलेल्या आराखड्याशेजारी. मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्या दोन पानांवर आले. डिग्रीसाठी मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, अहमदाबादला एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन आहे. अहमदाबादला गेलात तर कॅलिको म्युझियम हे कापडांचं संग्रहालय बघाच, आधी नाव नोंदवून जा.

पैशाचं म्हणाल, तर आता लोक घरच्या साड्यांच्या गोधड्या करून मागतात. पहिल्या ऑर्डरला माझे 140 तास गेले आणि मी कापड-दोऱ्याचेच पैसे घेतले, वर घरच्यांना सांगितलं की अनुभव मिळाला. तास लिहून ठेवा. आणि कुठलं कापड कापायची परवानगी कुणी दिली, तेही लिहून घ्या. दोन बहिणी आणि एक शालू यांच्यामध्ये मी एकदा सापडले आहे.

आजोबांचा चेहरा शेवटी गोधडीवर आलाच नाही. मधोमध नुसता तो कोट छापला, तीन वेळा, ओळीने. आजी म्हणाली, ह्यो चालंल, ह्यो काय आपला न्हाई.

प्रदर्शनात महिनाभर दिव्यांखाली टांगून निळा फिकुटला. मी हळहळत गोधडी घरी आणली, आजीने ती घडी करून ट्रंकेत घातली. दिवाळीत उघडली, तर रंग बराच परत आलेला. उजेडाने उतरलेला हा निळा अंधारात पुन्हा चढतो, असं मी तिला समजावून सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डांबरगोळ्या टाकल्यात न्हवं मी."