प्रोग्राममधून प्रोसेसर मोजताय? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाले की शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढायची घाई असते. पीडीएफ झटपट निघाव्यात म्हणून प्रोग्राम आधी प्रोसेसर मोजतो आणि तेवढे वर्कर (एकाच वेळी काम करणाऱ्या प्रोसेस) सुरू करतो. पेढीवरच्या पीसीवर हे सुरळीत चालतं. तोच प्रोग्राम भाड्याच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) टाकला की रखडतो, आणि लोक डेटाबेसला दोष देत बसतात. आधी मोजणी तपासा.

पायथॉनचं ओएस.सीपीयू_काउंट() अख्ख्या मशीनचा आकडा सांगतं. सर्व्हर ३२ सीपीयूंचा आणि कंटेनरला मर्यादा २ ची, तरी उत्तर ३२ च. मग ३२ वर्कर दोघांपुरत्या वेळावर तुटून पडतात. वेळेचा कोटा संपला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सगळ्यांना थोपवून धरतं, आणि प्रत्येक वर्कर मेमरी खातो ती वेगळीच.

लिनक्सवर ओएस.शेड_गेटअफिनिटी(०) मधले सीपीयू मोजा, असा सल्ला हमखास मिळतो. पायथॉन ३.१३ पासून ओएस.प्रोसेस_सीपीयू_काउंट()ही आहे. पण टास्कसेटसारख्या आज्ञेने प्रोग्रामला नेमून दिलेले सीपीयू एवढंच यांना कळतं. डॉकरच्या ‘सीपीयूज’ पर्यायाने घातलेला कोटा कळत नाही. सीग्रुपच्या (लिनक्सची मर्यादा घालायची सोय) दुसऱ्या आवृत्तीत तो सीपीयू.मॅक्स या फाईलमध्ये सापडतो. तिथे ‘२००००० १०००००’ दिसलं तर पहिल्याला दुसऱ्याने भागा: २ सीपीयू. ‘मॅक्स’ दिसलं तर तिथे मर्यादा घातलेली नाही. जावा जेडीके १० पासून आणि गो १.२५ पासून हा हिशेब स्वतःच करतात; पायथॉनवाल्यांना फाईल वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवणं) असेल तर ८ कोअरचे १६ दिसतात. काटा एकच आणि हमाल दोन, असा तो प्रकार: काम थोडं पुढे सरकतं, दुप्पट होत नाही. जड आकडेमोड असेल तर पीएसयूटिल या पायथॉन लायब्ररीकडून फिजिकल (खरे) कोअर विचारून घ्या.

सीपीयू_काउंट() कधी ‘नन’ही (म्हणजे आकडाच नाही) देतं, सी++ मधलं हार्डवेअर_कन्करन्सी() शून्य देऊ शकतं. अशा वेळी १ धरा. विंडोजवर ६४ च्या पुढे प्रोसेसर गटांत (प्रोसेसर ग्रुप) विभागले जातात, पण पेढीवरच्या पीसीला त्याची चिंता नको.

‘मॉडेल नेम’च्या ओळी मोजणाऱ्या जुन्या शेल स्क्रिप्ट मात्र काढून टाका, एआरएम प्रोसेसरच्या ६४-बिट लिनक्सवर सीपीयूइन्फो या माहितीच्या फाईलमध्ये ती ओळ सहसा नसतेच. त्याऐवजी प्रोसेसर मोजणारा एनप्रॉक हा कमांड वापरा. तो अचानक १ सांगू लागला, तर ओएमपी_नम_थ्रेड्स हे व्हेरिएबल कुणी सेट करून ठेवलंय का ते बघा. एनप्रॉक तेही मानतो.