ट्रॅव्हलर: दोनच ग्रहांत फेऱ्या मारून खेळाडू गब्बर होत असतील तर

ट्रॅव्हलर हा टेबलावर फाशांनी खेळायचा अंतराळातला भूमिका-खेळ. त्यात फ्री ट्रेडरवाले, म्हणजे कर्जावर घेतलेलं छोटं व्यापारी जहाज चालवणारे खेळाडू शेतीप्रधान ग्रहावरून माल उचलतात, शेजारच्या औद्योगिक ग्रहावर विकतात, पुन्हा तेच. कर्जाचा धाक संपतो, साहसाकडे कोणी फिरकत नाही. बंदरशुल्क वाढवलं, चाचे सोडले. काही फरक नाही. वैताग नुसता!

जमलं ते असं. आधी हिशेब मांडला. जहाज ३,७०,८०,००० क्रेडिटचं, हप्ता त्याचा २४०वा भाग, म्हणजे महिना १,५४,५००. भाड्याचा माल ८२ टन, टनाला १,०००, महिन्यात दोन जंप (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उड्या): १,६४,०००. पगार आणि इंधन धरलं की तूटच (प्रवासी वेगळे). म्हणजे भाड्याचे दर चोख आहेत, त्यांना हात लावू नका. गळती आहे ती सट्ट्याच्या, म्हणजे स्वतः विकत घेऊन पुढे विकायच्या मालात.

मग विक्रीचा भाव ठरवणाऱ्या फाशांना घरचा नियम लावला: त्याच ग्रहावर तोच माल पुन्हा विकला की दर खेपेला −१. महिनाभर तिथे तो विकला नाही तर एक गुण परत, पण मूळ पातळीपर्यंतच. दंड फासे टाकण्याआधी, माल भरतानाच सांगायचा.

शेवटचं: दंड ग्रहावरच्या मालाला लावा, जहाजाला नको. नाहीतर दुसऱ्या कप्तानाच्या नावावर माल खपवतात. आमच्या टेबलावरच्या एका वकिलाने लगेच करून पाहिलं.