प्रेसशॉपमधली डाय-सेटिंग: 80 मिनिटांची 25 कशी करायची

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकणच्या छोट्या प्रेसशॉपमध्ये (प्रेसवर पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) ऑर्डर वाढली की पहिला विचार येतो तो आणखी एक प्रेस घेण्याचा. कोटेशन मागवण्याआधी एक साधा हिशोब मांडा. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण आणि दोन चहा वजा केले की 430 मिनिटं उरतात. दिवसाला तीन डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) बदलायच्या आणि एकेका सेटिंगला 80 मिनिटं लागतात असं धरलं, तर 240 मिनिटं तिथेच गेली. राहिली 190. हाताने फीड करणारा ऑपरेटर मिनिटाला 12 नग काढत असेल तर झाले 2280 नग. तीच सेटिंग 25 मिनिटांत उरकली तर प्रेस 355 मिनिटं चालते आणि 4260 नग पडतात. ऑपरेटरला एक नगही घाईने काढावा लागत नाही.

आधी मोजायचं काय ते ठरवा. डाय काढायला घेतल्यापासून नव्या डायचे बोल्ट आवळेपर्यंतचा वेळ धरतात आणि ‘सेटिंग अर्ध्या तासात होते’ असं सांगतात. खरा वेळ म्हणजे जुन्या जॉबचा शेवटचा चांगला नग पडल्यापासून नव्या जॉबचा पहिला नग क्वालिटीवाल्याने पास करेपर्यंतचा. मोबाइल स्टँडवर लावून या सगळ्याचा व्हिडिओ घ्या. सेटरला, म्हणजे डाय बसवणाऱ्याला, आधी सांगून घ्या आणि नंतर त्याच्याच शेजारी बसून बघा. गुपचूप घेतलात तर पुढचे सहा महिने तो तुम्हाला काही सांगणार नाही, आणि सेटिंगमधलं सगळ्यात जास्त त्यालाच कळतं.

व्हिडिओ बघत प्रत्येक मिनिटाची नोंद कागदावर करा. 100 टनी प्रेसवरच्या 80 मिनिटांची फोड साधारण अशी निघू शकते: डाय रॅकमधून शोधून आणायला 14, पाने-क्लॅम्प-पॅकिंग (क्लॅम्पच्या मागच्या टोकाखालचा आधार) गोळा करायला 11, जुनी डाय उतरवायला 9, नवी ठेवून मध्यावर घ्यायला 10, शट हाइट (प्रेसचा वर-खाली होणारा रॅम पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची) जुळवायला 8, ट्रायल मारून पुन्हा ॲडजस्ट करायला 12 आणि पहिल्या नगाच्या ओकेची वाट बघण्यात 16. शोधाशोध आणि वाट बघणं मिळून 41 मिनिटं. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ पान्याला हातच लागलेला नाही.

हे दुखणं जुनं आहे. जपानी इंजिनीअर शिगेओ शिंगो यांनी 1950 साली हिरोशिमात एका 800 टनी प्रेसचं सेटिंग बघितलं, तेव्हा एक बोल्ट सापडेना म्हणून कामगार तासाभराहून जास्त वेळ फिरत होता. त्यातून त्यांनी कामाचे दोन भाग पाडले: प्रेस बंद असतानाच करता येणारं काम आणि प्रेस चालू असताना उरकता येणारं काम. पुढे 1969 साली टोयोटात 1000 टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं. आपल्याला तीन मिनिटांचा हट्ट नको. 25 पुष्कळ झाली.

पहिली 41 मिनिटं जवळपास फुकटात सुटतात. चालू लॉटचे शेवटचे तीनशे-चारशे नग उरले, म्हणजे साधारण अर्धा तास राहिला, की हेल्परने पुढची डाय ट्रॉलीवर घेऊन प्रेसशेजारी लावायची. ट्रॉलीवरच क्लॅम्प, टी-बोल्ट, पॅकिंग, पाना, गेज आणि सेटिंग शीट. पत्र्याच्या पट्ट्या आधीच येऊन पडलेल्या हव्यात. क्वालिटीवाल्याला त्याच वेळी निरोप द्यायचा. मागच्या लॉटचा शेवटचा नग डायला तारेने बांधून ठेवायची सवय लावा. त्यावर बर (कापलेल्या कडेवर उरलेली धारदार कोर) जास्त दिसली तर डाय रॅकवर जाण्याआधी ग्राइंडिंगला जाते. ते राहिलं की बोथट पंच (डायचा कापणारा वरचा भाग) प्रेसवर चढल्यावर कळतो आणि सगळं सेटिंग वाया.

आता बंद मशीनवरचं काम. इथे थोडा खर्च आहे, पण एकदाच.

सर्वात जास्त फायदा डायची उंची एकसारखी करण्यात आहे. एका प्रेसवर चालणाऱ्या सगळ्या डायची बंद उंची मोजा, सर्वात उंच डाय धरा आणि बाकीच्यांच्या खाली ग्राइंड केलेले पॅरलल ब्लॉक स्क्रूने कायमचे बसवा. ब्लॉकची जोडी एकाच वेळी ग्राइंड करून घ्या. दोन्हींत फरक राहिला तर डाय तिरकी बसते, पंच एका बाजूला घासतो आणि दोष मात्र सेटरवर येतो. स्क्रॅप पडायची वाट ब्लॉकने अडत नाही ना, तेही बघा. उंची एक झाली की रॅमला हात लावायची गरज क्वचितच पडते. क्लॅम्प बसतो त्या कडेची उंचीही एक करा, म्हणजे पॅकिंगचे पत्र्याचे तुकडे शोधणं थांबेल.

बोल्ट सगळे एम16 ठेवा. 24 चा एकच पाना पुरतो. या बोल्टचा पिच 2 मिलिमीटर असतो, म्हणजे 20 मिलिमीटर जादा आटे असतील तर दहा फेरे नुसते फिरवायचे. आवळण्याचं काम शेवटचा फेराच करतो. म्हणून बोल्ट मापात कापा, क्लॅम्पला यू-खाच करा. पण नटाच्या पूर्ण उंचीत आटे बसलेच पाहिजेत. क्लॅम्प लावताना बोल्ट डायच्या जवळ हवा, पॅकिंगच्या जवळ नको. बरोबर मध्ये असेल तर निम्माच जोर डायवर येतो. पॅकिंग डायच्या कडेला समतल किंवा केसभर उंच हवं. खाली राहिलं की क्लॅम्प फक्त टोकावर टेकतो आणि धक्क्यांनी सैल होतो.

क्रम चुकवू नका. मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं. रॅम हाताने खाली आणून आधी शँक (डायच्या वरच्या भागाचा रॅममध्ये बसणारा दांडा) पक्का करायचा, मग रॅम हातानेच एकदा वर-खाली करून पिलर (डायचे वरचे-खालचे भाग एका रेषेत ठेवणारे खांब) मोकळे चालतात का बघायचं, मगच खालचे क्लॅम्प आवळायचे. खालची बाजू आधी आवळली तर वरची ओढून बसते आणि पहिल्याच स्ट्रोकला पंचाची कड तुटू शकते. रॅमखाली हात घालायचा तर सेफ्टी ब्लॉक लावून, आणि पॉवर देण्याआधी तो काढून. मिनिटं वाचवायला गार्ड किंवा दोन्ही हातांची बटणं बायपास करणाऱ्याला तिथेच थांबवा.

ब्लॉक बसवण्यासारखी कामं गुरुवारच्या सुट्टीला ठेवा आणि एका प्रेसवरच्या पाच-सहा डायपासून सुरुवात करा. सगळ्या पन्नास डाय एकदम घेतल्या की काम अर्धवट राहतं.

वाचलेल्या वेळात नुसते जास्त नग काढून रॅक भरले तर पैसा लोखंडात अडकतो. मागणी तेवढी नसेल तर त्याच वेळात सेटिंग वाढवा. दिवसाला तीनऐवजी सहा केलीत तरी 150 मिनिटंच जातात, उरलेल्या 280 मिनिटांत 3360 नग निघतात आणि लॉट आधीपेक्षा लहान होतो. भोक सरकलंय हे पुढच्या ऑपरेशनला कळेल तेव्हा टाकायला 760 ऐवजी 560 नग असतील.

प्रत्येक सेटिंगची मिनिटं प्रेसशेजारच्या फळ्यावर खडूने लिहा. आकडा 35 च्या वर गेला तर त्याच दिवशी कारण विचारा. बहुतेक वेळा ट्रॉलीवरचा 24 चा पाना शेजारच्या मशीनवर गेलेला असतो. त्याला साखळी लावा.