उंची कमी असेल तर कोटाची लांबी नेमकी किती ठेवायची

माझी उंची ५ फूट ४ इंच. रिसेप्शनला घेतलेला कोट अजून कपाटात आहे, आणि अल्बम उघडला की दरवेळी खटकतं, कारण कापड सुंदर होतं, खांदे बरोबर बसले होते, रंग पण छान, फक्त लांबी दोन इंच जास्त होती आणि तेवढ्यानेच पाय आहेत त्यापेक्षा बरेच आखूड दिसतायत. दुकानात म्हणाले, साहेब सीट झाकली गेली पाहिजे, कोट असाच असतो. सीट, म्हणजे मागचा बसायचा भाग, झाकली गेली पाहिजे हे खरंच आहे, पण सीट संपल्यावर कोट पण संपला पाहिजे हे कुणी सांगितलं नाही. लग्नसराईत आपल्या उंचीची बरीच पोरं याच चुकीत पैसे घालवतात म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी घरी माप घ्या. मान पुढे वाकवली की मागे एक हाड वर येतं ना, कॉलर जिथे बसते तिथे, तिथून टेप लावून सरळ जमिनीपर्यंत, चप्पल-बूट काढून, आणि हे दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा, स्वतःचं स्वतः घेताना पाठ वाकते आणि आकडा चुकतो. जो आकडा येईल त्याचा अर्धा म्हणजे तुमच्या कोटाची मागची लांबी. माझं ५४.५ आलं, म्हणजे कोट साधारण २७.२५ इंच. आता दुकानात टांगलेला ३८ नंबरचा रेग्युलर कोट कॉलरच्या खालच्या शिवणीपासून मोजून बघा, बहुतेक वेळा २८.५ ते ३० च्या मधे काहीतरी निघेल. इंग्लंड-अमेरिकेत एकाच छातीच्या मापात शॉर्ट, रेग्युलर, लाँग असे वेगळे कोट मिळतात आणि शॉर्ट साधारण एक-दीड इंच कमी असतो, आपल्याकडे बहुतेक दुकानांत फक्त रेग्युलरच असतो, त्यामुळे शॉर्ट आहे का विचारा जरूर पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. आणि लांबी कमी मिळावी म्हणून ३८ ऐवजी ३६ घेऊ नका. तो नंबर छातीचा असतो. खांदे आवळतात, बटण लावलं की पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडतात, आणि लांबी कमी झाली तरी अर्धा-पाऊण इंच.

अर्ध्याचा हिशोब सगळ्यांना चालत नाही, हेही लक्षात घ्या. काहींचं धड लांब आणि पाय आखूड असतात, त्यांचा कोट अर्ध्यावर थांबवला तर मागून सीट उघडी पडते आणि मग कोट आटल्यासारखा दिसतो. तिथे सीटचं ऐका. मागची गोलाई संपून मांडी सुरू होते तिथे कोटाची कड आली पाहिजे, त्यासाठी अर्धा इंच वाढला तरी वाढू द्या. काही वर्षांपूर्वी एकदम आखूड कोटांची फॅशन आली होती, उंची कमी असलेल्यांना लोक तेच सुचवायचे की पाय लांब दिसतील, पण मला ते कधीच पटलं नाही, अर्धी सीट दिसायला लागली की नजर तिथेच जाते. हात खाली सोडून अंगठ्यापर्यंत कोट आला पाहिजे असंही सांगतात, पण हातांची लांबी माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे अंदाजाला ठीक, त्यावर कात्री चालवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी इथेच फसलो होतो. पहिला कोट लांब झाला म्हणून नंतर एका टेलरकडे नेऊन दोन इंच कापून घेतला, मागून बरोबर दिसायला लागला पण समोरून खिसे एकदम कडेजवळ आले आणि बटण तिथंच, बेंबीच्या खाली. कोटाची लांबी म्हणजे नुसती खालची कड नाही हो. कॉलरपासून बटण, बटणापासून खिसा, खिशापासून कड, ही सगळी अंतरं एकमेकांना धरून असतात. दोन बटणांचा कोट असेल तर वरचं बटण बेंबीवर किंवा त्याच्या अर्धा-एक इंच वर पाहिजे. ते खाली गेलं की धड लांब आणि पाय आखूड दिसणारच, मग कड कितीही वर घ्या. आणि बटण हलवता येत नाही, कारण समोर काज कापलेलं असतं. म्हणून रेडीमेड घेताना पहिल्यांदा बटणाची जागा बघा, ती खाली असेल तर कोट परत टांगा, कितीही आवडला तरी. जागा बरोबर असेल तर खालून एक इंचापर्यंत कमी करता येतं, फार तर सव्वा, त्यापुढे खिसे खटकायला लागतात. समोरची गोलाई पण परत कापावी लागते, ते काम कोट शिवणाऱ्या टेलरकडूनच करून घ्या, पँट अल्टर करणाऱ्याकडून नको.

शिवून घेणार असाल तर काम सोपं, फक्त मास्टरना स्पष्ट सांगा की लांबी घरी काढलेल्या आकड्याइतकीच (माझी २७.२५) ठेवा आणि त्याच हिशोबात बटण आणि खिसे पण वर घ्या. नाहीतर त्यांच्या नेहमीच्या खाक्यात नुसती कड वर जाते. खिशाचा फ्लॅप पण जरा अरुंद मागा. जोधपुरीला पण लांबीचा हाच नियम.

बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी, शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसावा. बाहीची बटणं खरंच उघडत असतील तर ती खालून कमी होत नाही, खांद्याकडून करावी लागते आणि ते महाग पडतं. पँट कमरेवर घाला, खाली सरकवून नको, नाहीतर बटण लावल्यावर त्याच्या खाली शर्टाचा पांढरा त्रिकोण दिसतो आणि कोट छोटा पडल्यासारखा वाटतो.

ट्रायलला तीच पँट आणि तेच बूट घेऊन जा. खांदा आणि कंबर आधी बसवून घ्या, लांबी सगळ्यात शेवटी, कारण खांदा जरा उचलला तरी कड वर जाते. आरशात मागची बाजू दिसत नाही, म्हणून कुणाला तरी लांबून, मोबाईल पोटाच्या उंचीवर धरून, मागून आणि बाजूने फोटो काढायला सांगा, वरून काढलेल्या फोटोत पाय आखूडच येतात. आणि लगेच कापू देऊ नका. आधी कड आत दुमडून कच्चे टाके घालून घ्या, घरी नेऊन एक संध्याकाळ घालून बघा, बसा, उठा, घरच्यांना विचारा, आणि मगच कापायला द्या. कापलेला इंच परत जोडता येत नाही आणि आत दुमडायला कापड फार थोडं असतं.