विममध्ये मराठी कळफलक चालू असताना सिलेक्शन होत नाही? माझा अनुभव

गुहागरातल्या एका घरगुती खानावळीचं मेनूचं पान मी विम या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहितो. मजकूर मराठी, कळफलक इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाणित मांडणी. एस्केप मारून 'व्ही'ची कळ दाबली की एडिटरला 'न' मिळतो आणि सिलेक्शन सुरूच होत नाही. दरवेळी भाषा बदलून पाहिलं, शिफ्ट-बाणाचं मॅपिंगही केलं. पण अख्खा परिच्छेद एका झटक्यात निवडणं त्यात जमत नाही. अक्षरशः वैताग आला होता.

चाललं ते लँगमॅप, म्हणजे आदेश देताना मराठी अक्षराला रोमन अक्षर समजायला लावणारी विमची सेटिंग. विमआरसी या विमच्या सेटिंग्जच्या फाइलीत आधी एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. त्याखाली 'सेट लँगमॅप', बरोबरचं चिन्ह, आणि पुढे मोकळी जागा न सोडता स्वल्पविरामाने तोडलेल्या जोड्या: 'न' आणि त्याला चिकटून रोमन व्ही, तसंच ग-आय, ज-पी, व-बी, ब-वाय. रोमन अक्षरं सगळी स्मॉल. सेव्ह करून विम पुन्हा उघडा.

आता नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे एस्केप मारल्यावर कळा आदेश म्हणून चालतात तेव्हा, न, ग, ज दाबलं की सोलकढीचा पूर्ण परिच्छेद निवडला जातो. कर्सर कंसात असेल तर न, ग, व ने आतला दर तेवढाच. 'ब'ने कॉपी, 'ज'ने पेस्ट. इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर लिहिताना, 'न' हा 'न'च उमटतो. डब्ल्यू, डी या कळांवर मात्रा आणि हलन्त येतात, म्हणून त्या मी मुद्दाम वगळल्या. निवडलेलं कापायला डिलीटची कळ पुरते.